मिशा नव्हे, खवले पाहा

आपल्या बेने इस्राएल लोकांना मासा नवा नाही. कोकणात आपले वाडवडील ज्या गावांत राहिले, त्यांपैकी बहुतेक गावांच्या एका अंगाला खाडी किंवा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला नदी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, ही आपली परंपरेने आलेली कथा. पुढे दाविद राहाबी आले, त्यांनी आपल्या बायकांपुढे निरनिराळी मासळी रांधावयास ठेवली, आणि बायकांनी पंख व खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले, त्यावरून हे लोक इस्राएलाचे हे त्यांनी ओळखले, ही दुसरी कथा. या कथांचे काय करायचे ते इतिहासाच्या पंडितांनी ठरवावे. आमच्या घरात मात्र त्या दोन्ही मासळी साफ करतानाच सांगितल्या जात. ज्या काळी आपल्याजवळ पोथी नव्हती आणि हाझान नव्हता, त्या काळी मासा हेच आपले ओळखपत्र होते, असे आमची आई म्हणे.

पण मासळी म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर पापलेट, रावस आणि बांगडा उभा राहतो. आम्हाला आज सांगायचे आहे ते एका नदीच्या माशाविषयी. हा मासा सहसा कोणत्या दुकानात मिळत नाही, त्यात काटे पुष्कळ, तो लवकर गळाला लागत नाही, आणि लागला तर माणसाला नदीत ओढून नेईल की काय असे वाटते. इंग्रज त्याला बार्बल म्हणतात. इथे इस्राएलमध्ये त्याला बिनीत म्हणतात. आपल्या कोकणात आणि दख्खनमध्ये त्याच्या भाऊबंदांना खडस, कोळशी अशी नावे आहेत. या माशाच्या तोंडाशी मिशा असतात, आणि त्यामुळेच लॅटिन भाषेतल्या दाढीच्या शब्दावरून त्याला बार्बस हे नाव पडले.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ आणि आमचे मेव्हणे. आमच्या घरचे लोक आम्हाला तीन बगळे म्हणतात. पन्नास वर्षांहून अधिक काळ आम्ही या एका कुळाच्या माशामागे तीन देशांच्या नद्यांवर उभे राहिलो. त्यातून श्रीमंती आली नाही आणि मासेही फार आले नाहीत. पण त्या माशावरून आमच्या घरात एक वाद झाला, आणि तो वाद वाचकांपुढे ठेवावा असे आम्हाला वाटते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमचे आजोळ महाडच्या बाजूला. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. रायगडाच्या मुलखातून काळ नदी खाली येते आणि पुढे तिचे पाणी सावित्रीला मिळते. पावसाळ्यात तिच्याकडे पाहवत नाही, एवढी ती माजते. दिवाळीनंतर पाणी निवळते, आणि मग खडकांमधले खोल डोह हिरवे दिसू लागतात. आमच्याकडे अशा डोहाला कोंड म्हणतात. काठावर उंबराची झाडे. पिकलेले उंबर पाण्यात टपकन पडले की खालून एक काळसर सावली वर येई, पाणी फुटे आणि उंबर नाहीसे होई. हाच खडस. आजोबांनी आम्हाला शिकवलेला गळ असा होता: वेळूची काठी, दोरा आणि आकड्याला लावलेले एक पिकलेले उंबर. शिसे नाही, चक्री नाही. उंबर झाडावरून पडल्यासारखे पडले पाहिजे, आणि आपली सावली पाण्यावर पडता कामा नये. एवढेच शास्त्र.

पहिला खडस घरी आणला तेव्हा आम्ही पोरे घाबरलो होतो. त्याला चार मिशा होत्या. मिशीवाला मासा आपण खात नाही, हे आम्ही ऐकून होतो, कारण शिंगाळ्याला मिशा असतात आणि शिंगाळा आपल्या घरात येत नाही. आईने आमच्याकडे पाहिले, सुरीची बोथट बाजू शेपटीकडून डोक्याकडे फिरवली, आणि रुपयाएवढे खवले अंगणभर उडाले. ती म्हणाली, "मिशा पाहू नका, खवले पाहा. तोऱ्यात मिशांबद्दल काही लिहिलेले नाही." हे वाक्य आमच्या घरात पुढे माणसांनाही लावले जाऊ लागले. सोयरीक आली आणि कोणी मुलाच्या दिसण्याविषयी कुरकुरले, की आई हेच म्हणे.

त्या नदीवर एक जागा अशी होती की तिथे आजोबा काठी घेऊन जाऊ देत नसत. तिला वाळणकोंड म्हणतात. तिथल्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी मारीत नाही. माणूस काठावर आला की हातभर लांबीचे मासे जवळ येतात, कारण लोक त्यांना खायला घालतात. आम्हा पोरांना वाटे, आपली काही ती देवी नव्हे, मग आपल्याला काय हरकत? आजोबा म्हणत, "दुसऱ्याच्या देवाचा मासा आपल्या ताटात नको." शेजाऱ्यांनी आपला शनिवार पाळू दिला, आपण त्यांचा डोह पाळायचा, हा त्यांचा सरळ हिशेब. पुढे मोठे झाल्यावर आमच्या ध्यानात आले की उन्हाळ्यात नदी आटली तरी त्या डोहात मोठे मासे शिल्लक राहत, आणि पहिल्या पुरात त्यांचीच पिल्ले खाली येत. आम्ही ज्या कोंडावर गळ टाकीत होतो, तिथे देवीची मेहेरबानी येत होती म्हणा ना.

नोकरीच्या निमित्ताने वडील पुण्यास आले, तेव्हा मुळा-मुठा पाहिली. या नदीचे नाव माशांच्या शास्त्रात कायमचे लिहिलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचे वर्णन केले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या एका माशाला त्याने तिथल्या लोकांच्या तोंडचेच नाव दिले आणि त्याला बार्बस खुद्री म्हटले. कोळशीचे त्याने बार्बस कोलस केले. शास्त्रज्ञांनी पुढे यांची घराणी वेगळी केली, आणि आज खडसाला टोर खुद्री म्हणतात. पण मराठी शब्द तसाच राहिला. ज्या पाण्यात साइक्सला तो मासा मिळाला, ते पाणी आज शहराची घाण वाहते. नाव जगभर गेले, आणि नदीची ही गत झाली.

आम्ही १९६९ साली इस्राएलला आलो आणि दक्षिणेत दिमोनाला राहिलो. काम मिळाले, घर मिळाले, शेजारीपाजारी आपली माणसे मिळाली. मिळाली नाही ती नदी. नकाशावर निळ्या रेघा पुष्कळ होत्या. जाऊन पाहावे तर कोरडी वाळू आणि गोटे. पाणी वर्षातून दोन दिवस येणार आणि आले तर गाड्या वाहून नेणार. वडिलांनी मुंबईहून आणलेली काठी कपाटावर ठेवली ती ठेवलीच. ते कोणाला काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पायरीवर बसून ते त्या कोरड्या ओढ्याकडे पाहत असत, आणि त्यांना काय हवे आहे ते आम्हाला कळत होते.

आमच्या बहिणीचे यजमान किर्यात शमोनाला कामाला होते. १९७१ च्या वसंतात त्यांनी निरोप पाठवला: इकडे पाणी आहे. पेसाखच्या सुट्टीत आम्ही बस बदलत देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, वडिलांना आणि काठीला बरोबर घेऊन. हेर्मोनच्या पायथ्याशी दान, बनियास आणि हत्सबानी हे तीन प्रवाह निघतात आणि त्यांची यार्देन होते. बनोत याकोव पुलाच्या खाली ही यार्देन खरी नदी होते. किनेरेत सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे, आणि हुलाचे खोरे समुद्रसपाटीच्या वर. मधल्या थोड्या मैलांत नदीला एवढी सगळी उंची उतरायची असते, म्हणून ती काळ्या दगडांवरून ओरडत जाते. तो आवाज ऐकून वडिलांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. ते म्हणाले, "ही आपल्या काळेसारखी आहे."

इथे उंबर नव्हते. आईने कणकेत हळद आणि हिंग घालून गोळा मळून दिला होता. तो आकड्याला लावून आम्ही दगडांच्या मागे, जिथे ओढ मंदावते तिथे, तळाशी सोडला. तासाभराने थोरल्यांच्या काठीला असा हिसका बसला की चक्री किंचाळली. मासा वर आलाच नाही. तो तळ धरून खाली खाली ओढत गेला, दोनदा दगडाआड शिरला, आणि पाव तासाने काठाला आला तेव्हा थोरले गुडघाभर पाण्यात होते. लांबट डोके, सोनेरी पिवळी बाजू, खालच्या अंगाला वळलेले जाड ओठांचे तोंड, आणि त्याच्याशी मिशा. आम्ही तिघे एकदम ओरडलो, "खडस!" शेजारी किबुत्सातला एक म्हातारा बसला होता. तो हसून म्हणाला, "बिनीत." मग आमच्या तोंडाकडे पाहून, आम्हाला हवी होती ती गोष्ट त्याने आपण होऊन सांगितली, "काशेर."

वाचकहो, ते दिवस आठवा. १९६४ च्या ऑगस्टात केनेसेतने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले होते. तरी त्याआधीच्या वर्षांतली विचारपूस आपल्या वडीलमंडळींच्या मनात ताजी होती. तुम्ही कोण, तुमच्या आजीची आजी कोण, असे प्रश्न ज्यांनी ऐकले होते, त्यांना यार्देनच्या काठी आपल्याच नदीचा भाऊबंद भेटला. नाव वेगळे, अंगावरचा रंग थोडा वेगळा, पण पंख आणि खवले शाबूत. वडिलांनी सुरीची बोथट बाजू फिरवली, खवले उडाले, आणि ते काही न बोलता पुष्कळ वेळ हसत राहिले.

पुढे आम्हाला कळले की इथे या कुळाच्या दोन बिनीत आहेत. एक लांब डोक्याची, बारीक खवल्यांची. दुसरी मोठ्या खवल्यांची, जिच्या शास्त्रीय नावात कुत्र्याचा लॅटिन शब्द आहे. तिसरा हफाफ नावाचा चुलतभाऊ आहे, तो दगडांवरचे शेवाळ खरवडून खातो. त्याच पाण्यात स्फाम्नूनही आहे. त्याच्या मिशा सर्वांत लांब, पण अंगावर एक खवला नाही. तो गळाला लागला की आमचे मेव्हणे त्याला अदबीने म्हणतात, "तुम्ही जा, साहेब."

बिनीत कशी धरावी, हे आम्हाला अनेकांनी विचारले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हा मासा तळाचा. त्याचे तोंड खाली वळलेले असते आणि तो मिशांनी दगडगोटे चाचपीत अन्न शोधतो. म्हणून आमिष तळालाच हवे, आणि शिसे इतकेच हवे की ते ओढीबरोबर सरकत राहील पण उचलले जाणार नाही. उभ्या पाण्यात त्याची फार वाट पाहू नये. खळाळ संपून डोह सुरू होतो ती कड, मोठ्या दगडाच्या मागची शांत जागा, झाडाच्या मुळांखालचा पोकळ काठ, या त्याच्या बसायच्या जागा. तोंड नेहमी ओघाकडे. मक्याचे दाणे चालतात, कणीक चालते, गांडूळ तर चालतेच. पहाट आणि सूर्य मावळतानाचा तास उत्तम. जबड्यात त्याला दात नसतात, दात घशात असतात. म्हणून तो आमिष तोंडात घेऊन चाचपतो, आणि नवशिका माणूस तेवढ्यात काठी उचलून बसतो. थांबावे. तो निघाला की तोच सांगतो.

आणि रांधण्याविषयी. बिनीतमध्ये बारीक काटे फार. आमची आई तिला दोन्ही बाजूंनी अगदी जवळजवळ चिरा देई, मीठ, हळद आणि लिंबू लावून तासभर ठेवी, आणि मग नारळाच्या दुधात हिरव्या मसाल्याची आमटी करी. मांसानंतरही चालेल असे हे दूध आपल्याला कोकणाने दिले, हा केवढा उपकार! गाबोळी मात्र आमच्या घरात कोणी खात नाही. युरोपातल्या बार्बलची गाबोळी विषारी असते, ती खाल्ली तर ओकाऱ्या आणि जुलाब होतात. म्हणून इथल्या बिनीतच्या गाबोळीची परीक्षा पाहण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. आमची युरोपातून आलेली शेजारीण गोड कार्प करून आम्हाला पाठवी आणि आम्ही तिला आमटी पाठवीत असू. दोन्ही घरांनी एकमेकांचे पदार्थ सभ्यपणे खाल्ले.

आता वादाकडे येतो. आमची धाकटी बहीण लग्नानंतर इंग्लंडला गेली. २०११ च्या सप्टेंबरात आम्ही तिघे तिच्याकडे गेलो, आणि भाच्याने आम्हाला सेव्हर्न नदीवर ब्यूडलीला नेले. ही ब्रिटनची सर्वांत लांब नदी, पण बार्बल तिच्यात मुळात नव्हता. तो पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचा मासा. १९५६ साली केनेट नदीतून ५०९ बार्बल आणून सेव्हर्नमध्ये सोडले, आणि आज ती त्यांचीच नदी वाटते. परदेशातून आलेल्या माणसाने ही हकीकत ऐकली की त्याला त्या माशाबद्दल थोडी आपुलकी वाटणारच. इंग्रज या माशाचे वेडे आहेत. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या माशांवर पुस्तक लिहिले त्यातही बार्बलची हजेरी आहे. काठी टाकायला परवाना लागतो. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नद्यांवर गळ बंद, आणि १६ जूनला लोक सण असल्यासारखे पहाटे काठावर येतात.

पहिली गंमत आमिषाची झाली. भाच्याने पिशवीतून डबा काढला. बार्बलला सर्वांत आवडते आमिष म्हणजे डब्यातले डुकराचे मांस, असे तिकडचे सगळे सांगतात. थोरले दोन पावले मागे सरले. आपण ते खाणार नाही हे ठीक, पण ज्या हाताने शब्बाथची भाकर मोडायची त्या हाताने ते कापायचे? भाचा समजूतदार. त्याने दुसरा डबा काढला, त्यात मका होता. मक्यावरही बार्बल येतो, हे आम्ही सेव्हर्नवर सिद्ध केले.

संध्याकाळी भाच्याला नऊ पौंडांचा मासा लागला. खवले लखलखीत, पंख तांबूस, चार मिशा. आम्ही मनातल्या मनात आमटी चढवली होती. त्याने मासा ओल्या चटईवर ठेवला, गळ काढला, वजन केले, आणि मग तो पाण्यात उतरून माशाचे तोंड ओघाकडे करून त्याला दोन्ही हातांत धरून उभा राहिला. दमलेल्या बार्बलला तसाच सोडला तर तो उलटा होऊन मरतो, म्हणून त्याचा श्वास परत येईपर्यंत धरून ठेवावे लागते. पाच-सात मिनिटांनी शेपटी हलली आणि मासा निघून गेला.

थोरले म्हणाले, "खायचा नव्हता, तर पकडलास कशाला?"

भाचा म्हणाला, "मामा, तो उद्याही नदीत असावा म्हणून सोडला."

"मग आज त्याच्या तोंडाला भोक का पाडलेस? तुझ्या करमणुकीसाठी?"

"आणि तुम्ही त्याला खाल्ला असता, तर त्याला बरे वाटले असते?"

मेव्हणे मध्ये पडले म्हणून ते तिथेच थांबले, पण गाडीत आणि घरी जेवताना पुन्हा चालू झाले. थोरल्यांचे म्हणणे साधे होते. प्राण्याला विनाकारण दुःख देऊ नये हे आपल्याला सांगितले आहे. प्रागचे रब्बी येहेझकेल लांदाऊ यांनी अठराव्या शतकात मौजेखातर शिकार करणाऱ्याला असेच उत्तर दिले होते. शब्बाथसाठी मासा धरणे वेगळे, खेळ म्हणून धरणे वेगळे. भाच्याचे म्हणणेही खोटे नव्हते. एवढे लोक रोज काठावर बसतात, प्रत्येकाने एक एक मासा घरी नेला तर पाच वर्षांत नदी रिकामी होईल. तो म्हणाला, "मामा, तुमच्या काळी माणसे थोडी आणि मासे फार होते." आमच्या बहिणीने दोघांना वाढता वाढता विचारले, "आणि आजोबांचा तो डोह?" त्यावर मात्र कोणी बोलले नाही.

इस्राएलला परत आल्यावर हा प्रश्न आमच्यापाठोपाठ आला, कारण इथली नदी तर फारच लहान. किनेरेतच्या दक्षिण तोंडाशी देगानियाला १९३२ साली बांध झाला. १९६४ साली देशाचा मोठा पाण्याचा नळ सुरू झाला आणि किनेरेतचे पाणी दक्षिणेकडे निघाले. त्याच पाण्यावर आपण दक्षिणेत वस्ती केली, घरे बांधली, झाडे लावली, हे विसरून चालणार नाही. पण त्या बांधाखालची यार्देन पूर्वीची राहिली नाही, हेही खरे. वर हुलाचे सरोवर आणि दलदल १९५१ ते १९५८ या काळात उपसून शेते केली, आणि जगात दुसरीकडे कुठेच नसलेले दोन जातींचे मासे त्यात गेले. मग जाग आली, आणि उरलेल्या तुकड्याला १९६४ साली देशातले पहिले राखीव निसर्गक्षेत्र केले. दान आणि बनियासच्या राखीव भागांतही गळ टाकता येत नाही. आमचे थोरले याला इस्राएलचे वाळणकोंड म्हणतात. इथे देवी नाही, सरकारी पाटी आहे, एवढाच फरक.

एका शब्बाथच्या दुपारी थोरल्यांनी तोरा उघडून आम्हाला दवारीममधला एक नियम दाखवला. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले, आणि आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर दोन्ही घेऊ नयेत. आईला जाऊ द्यावे, पिल्ले घ्यावीत, म्हणजे तुझे कल्याण होईल आणि तू दीर्घायुषी होशील. थोरले म्हणाले, "घेऊ नको असे म्हटलेले नाही. सगळे घेऊ नको असे म्हटले आहे." पंख आणि खवले कोणता मासा घ्यावा ते सांगतात. कुठे थांबावे ते हे घरटे सांगते. हा काही हलाखा नव्हे, रब्बींनी आमचे कान धरू नयेत. आम्ही तिघांनी आपल्यापुरता बांधलेला नियम आहे. शब्बाथसाठी एक बिनीत घ्यायची, आणि ती मिळाली की काठी गुंडाळायची, मग पाणी कितीही चांगले असो. पोटात गाबोळी दिसली तर ती गळातून सोडवून पाण्यात परत. अंडी घालायच्या दिवसांत नदीवर जायचेच नाही. आणि नुसते पकडून सोडण्यासाठी गळ टाकायचा नाही. भाच्याला आम्ही पत्राने हे कळवले. त्याचे उत्तर आले की मामांनी अर्धा वाद जिंकला. थोरल्यांनी उलट विचारले, कोणता अर्धा?

२०२२ साली एक बातमी वाचली आणि तिने आमच्या या वेडाला फार मोठे वय दिले. बनोत याकोव पुलाजवळ प्राचीन माणसाच्या वस्तीचे उत्खनन झाले आहे. तिथे हाडे फारशी राहिली नाहीत, पण माशांचे घशातले दात पुष्कळ मिळाले. डॉ. इरित झोहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दातांच्या स्फटिकांची तपासणी करून दाखवले की ते मासे मंद आचेवर शिजवलेले होते. काळ ७,८०,००० वर्षांपूर्वीचा. माणसाने अन्न शिजवल्याचा एवढा जुना पुरावा तोपर्यंत कुठे मिळाला नव्हता. आणि मासे कोणते? बहुतेक दात आपल्या दोन बिनीतचेच. ज्या पुलाखाली आमच्या वडिलांनी टोपी काढली होती, त्याच्या आसपास कोणीतरी कधीतरी बिनीत धरून, चूल पेटवून, मुलाबाळांना वाढली होती. नारळाचे दूध तेवढे नसणार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये किर्यात शमोना रिकामे करण्यात आले आणि मेव्हणे व बहीण आमच्याकडे दिमोनाला राहायला आले. आजूबाजूचा सगळा प्रदेश बंद झाला. दोन वसंत आम्ही नदीवर गेलो नाही. मेव्हणे संध्याकाळी पायरीवर बसून त्या कोरड्या ओढ्याकडे पाहत, अगदी वडिलांसारखे. एकदा ते म्हणाले, "निदान बिनीतला तरी विश्रांती मिळाली असेल."

आमची नातवंडे आता हिब्रूत बोलतात. त्यांना बिनीत हा शब्द ठाऊक आहे, खडस हा शब्द सांगावा लागतो. पण त्यांतल्या एकीला आम्ही नदीवर नेतो, आणि तिने ओळीत पहिला प्रश्न विचारला तो असा, की आजोबा, सगळेच मासे मिशीवाले असतात का? आम्ही तिच्या हातात सुरी दिली, बोथट बाजू वर करून. खवले उडाले ते तिने केसांतून वेचून काढले. दुसरा मासा का नाही धरायचा, हे तिने विचारले तेव्हा थोरल्यांनी तिला घरट्याचा नियम सांगितला आणि आम्ही वाळणकोंडाची गोष्ट सांगितली. तिला कोणती जास्त पटली ते तिने सांगितले नाही. काठी मात्र तिनेच गुंडाळली.

वाचकांपैकी कोणी उत्तरेकडे जाणार असतील तर परवानगीचे आणि मनाईचे नियम आधी विचारून घ्यावेत, आणि कणकेत हिंग घालायला विसरू नये. एक बिनीत चार माणसांना पुरते.